चालत्या ताऱ्याचा फोटो

लातूर,
४ नोव्हेंबर १९८५

प्रिय शकिला,

पाच महिने तुला पत्र नाही. रागावली असशील तर रागव, पण आधी वाच. श्रावणात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा अडखळली. एकेक शब्द बाहेर यायला इतका वेळ लागतो की ऐकणाराच तो पुरा करून टाकतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा. तीस वर्षं साखळी घेऊन या माणसाने शेतं मोजली. नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादच्या दप्तरातून लातूरच्या वाट्याचे नकाशे एकेक बांध तपासून वेगळे केले. त्याला आता चहा हवा की पाणी, हे डोळ्यांनी सांगावं लागतं.

पण लिहायला बसले ते निराळ्याच गोष्टीसाठी. संध्याकाळी मी आणि कोंडाबाई यांची खाट अंगणात ओढतो. कोंडाबाई म्हणजे आमच्याकडे टँकरचं पाणी भरून देणारी बाई. गेल्या महिन्यापासून दिवेलागणीनंतर हे वर बोट करतात आणि म्हणतात, "चा…लतो." कोण चालतो? "ता…रा." वायव्येकडून निघतो, डोक्यावरून जातो आणि पलीकडे पोचायच्या आधीच विझतो, म्हणे. रशियाने वर सोडलेलं यान आहे, त्यात माणसं जाऊन राहतात, असं यांनी आजारपणाआधी पेपरात वाचलं होतं. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशीची वेळ डाव्या हाताने वहीत लिहितात. आकडे पाटीवर पहिल्यांदा गिरवल्यासारखे.

धाकटे दीर धोंडप्पा म्हणतात, "वहिनी, दादाच्या मेंदूला इजा झालेली हाय. त्याला काय काय दिसंल. तारा चालतो आन् मधीच विझतो व्हय? तुम्ही हो ला हो करू नका." एकदा दोन मिनिटं मान वर करून उभे राहिले, काही दिसलं नाही, चपला घातल्या आणि गेले. डॉक्टरही म्हणाले, असे भास होतात कधी कधी. कोंडाबाईला विचारलं तर म्हणाली, "हाव बाई, चालायलाय की!" पण कोंडाबाई सगळ्यालाच हाव म्हणते. आणि मी? माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अजून पिकला नाही, थांबा म्हणतात. मला शुक्राची चांदणीसुद्धा दुधात विरघळणाऱ्या खडीसाखरेसारखी दिसते. हे पत्रही कागद नाकाशी धरून लिहिते आहे.

यांना त्या ताऱ्याचं काही नाही गं. यांना एवढंच हवं आहे की आपल्याला दिसतं ते खरं आहे, असं कुणीतरी म्हणावं. परवा माझं मनगट धरून म्हणाले, "मी… वेडा… नाही." तीन शब्दांना किती वेळ लागला ते मी तुला सांगत नाही.

म्हणून तुझ्या घरच्या फोटोग्राफरांना, जिलानीभाईंना, विचार. यांचा जुना भात्याचा कॅमेरा घरात आहे. त्यावर चालत्या ताऱ्याचा फोटो निघेल का? माझे डोळे नाहीत, तर कॅमेऱ्याने बघावं. फिल्म धुवायला तुमच्याकडेच पाठवीन. इथला स्टुडिओवाला म्हणाला, "मावशी, पाणीच न्हाई. एका बादलीत धा गिऱ्हाइकं धुवायलोय." तुमच्याकडे गोदावरी तरी आहे.

तुझीच,
महादेवी

•

नांदेड,
१४ नोव्हेंबर १९८५

माझी महादेवी,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला औशाचा मोटार स्टँड दिसत होता. तुझे वकील अण्णा आणि माझे अब्बा, दोघांनी हट्टाने आपल्याला हैदराबादच्या कॉन्व्हेंटात धाडलं, आणि तू सगळ्या रस्ताभर रडलीस आणि मी तुझ्या डब्यातल्या शेंगापोळ्या खाल्ल्या. त्या मुलीवर असा दिवस यावा!

भाईसाहेबांच्या डोक्याबद्दल लोक काय म्हणतात ते मी आमच्या साहेबांना सांगितलं नाही. तुझ्या घरची अब्रू ती माझी. मी एवढंच म्हटलं, महादेवीला ताऱ्यांचे फोटो काढायचे आहेत. यांना इतका आनंद झाला! लग्न आणि ओळखपत्रं सोडून कुणी काही मागतच नाही. सोबत जलद फिल्मचा रोल पाठवला आहे. त्यांनी सांगितलेलं लिहिते. भिंग पूर्ण उघडं ठेव. अंतराचा काटा शेवटच्या खुणेवर ने. बटणाजवळच्या खुणांत 'बी' असेल, त्यावर काटा लाव, म्हणजे बटण दाबून धरशील तोवर शटर उघडं राहील. वीस सेकंद धर. कॅमेरा हातात नाही, कशावर तरी पाठीवर निजवून ठेव, आभाळाकडे तोंड करून. "भाभी से बोलो, बटन दबाए तो हिलना नक्को. सांस भी आहिस्ता लेओ."

गोदावरीचं म्हणशील तर नदीत वाळू जास्त आणि पाणी कमी आहे. आमच्या गल्लीत बोअरचं पाणी येतं, त्यात गाळ. साहेब माझ्या ओढणीतून गाळून घेतात, तरी फिल्म वाळताना गाळाच्या रेघा चिकटून बसतात. मागच्या आठवड्यात एका नवरीच्या नाकावरून कानापर्यंत पांढरी रेघ आली. तिचा बाप दुकानात येऊन म्हणाला, "जिलानीमियाँ, पोरगी दिली की फाटकी चादर?" तेव्हापासून साहेब प्रत्येक निगेटिव्ह भिंगाखाली धरून ब्लेडच्या टोकाने साफ करतात. साठी उलटली, डोळे दुखतात, पण ऐकत नाहीत.

तू फोटो काढ. मी दुआ करते.

तुझी,
शकिला

•

लातूर,
३ डिसेंबर १९८५

प्रिय शकिला,

रोल रजिस्टरने पाठवला आहे. काढले! तीन संध्याकाळी, सहा फोटो.

कसे काढले ते ऐक. टँकरच्या पाण्याचं लोखंडी पिंप अंगणात असतं. त्याच्या झाकणावर गोधडी घडी करून घातली आणि तिच्यावर कॅमेरा निजवला. वीस सेकंद कशी मोजावी? अंधारात घड्याळाचा काटा मला दिसत नाही. मग आठवलं, सिस्टर आपल्याकडून जेवणाआधीची प्रार्थना म्हणवून घ्यायच्या, ती सावकाश म्हटली की वीस सेकंद होतात. यांनी घड्याळ धरून पडताळून पाहिलं. गळ्यात लिंग, तोंडात सिस्टरची प्रार्थना आणि बोट रशियाच्या यानासाठी बटणावर. अण्णा असते तर पोट धरून हसले असते.

हे खाटेवरून बघत. तारा दिसला की डाव्या हाताने खाटेच्या माचव्यावर टकटक करत. मी बटण दाबून धरी. मला वर नुसता काळोख. पण यांचा श्वास ऐकू येई. तारा विझला की हे पुन्हा एकदा टकटक करत.

आजूबाजूच्यांना वाटलं आम्ही पाऊस बघतोय. पाण्याच्या रांगेतून एकीने विचारलं, "काय बाई, ढग दिसायलाय का कुठं?" कोंडाबाईने परस्पर उत्तर दिलं, "ढग न्हाई, सायबाचा तारा हाय. लई लांबून येतो, रोज येतो. तुझ्या नवऱ्यावानी न्हाई." रांग हसली. हेसुद्धा हसले, तोंडाच्या एका बाजूने.

शकिला, सगळा जिल्हा या कोरड्या आभाळाला शिव्या देतो. आणि मी रोज संध्याकाळी भीतभीत मागते की आज ढग नको. बोलवत नाही कुणाजवळ.

यांनी काल दीड भाकरी खाल्ली. वहीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "आता… कळेल." कुणाला, ते म्हणाले नाहीत. धोंडप्पांना असेल. मला वाटतं, मलाच.

महादेवी

•

नांदेड,
१६ डिसेंबर १९८५

माझी महादेवी,

फोटो पाठवते आहे. साहेबांनी तुझ्या रोलसाठी दोन दिवस दुकानाची फळी अर्धी लावून घेतली होती. पाणी तीनदा गाळलं, माझ्या दोन ओढण्या गेल्या. मी त्यांना बजावलं होतं, "बहुत सम्हाल के. मेरी सहेली की अमानत है." काम झाल्यावर डोळ्यांवर थंड पट्टी ठेवून पडले आणि म्हणाले, "एक तारा नहीं खोया, बेगम. एक दाग नहीं रखा."

मी पाकीट उघडून पाहिलं नाही. पहिली नजर भाईसाहेबांची पडू दे. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सविस्तर लिही.

शकिला

•

लातूर,
२९ डिसेंबर १९८५

प्रिय शकिला,

फोटो पोचले. फार सुंदर आहेत. शेजारच्या मुलीला बसवून एकेक पाहायला लावला, मला भिंगातूनही नुसतं काळं दिसतं. ती म्हणाली, तारे अगदी मोजून घ्यावेत असे. त्यांत चालणारा एकही नाही. चालत्या ताऱ्याची रेघ उमटायला हवी होती ना गं? सहाच्या सहा फोटोंत रेघ नाही.

यांनी पहिला फोटो घेतला, पाहिला, मग उलटा करून मागची पांढरी बाजू पाहिली. मग दुसरा. सहावाही उलटा करून पाहिला. धोंडप्पा तिथेच होते. एरवी टोचून बोलतात, पण त्या दिवशी खाटेशी बसून यांचे पाय दाबत राहिले. म्हणाले, "असू दे दादा. होतं असं. औषधानं बरं वाटंल."

मी काय करू? यांच्या हाताने टकटक केली तेव्हा मी बटण दाबलं होतं, याची मला खात्री आहे. मग उरतं एकच. ते लिहवत नाही, पण मी आता मानलं आहे. डॉक्टरांनी दिवेलागणीला द्यायची एक गोळी लिहून दिली आहे, तिने झोप लागते. खाट आत घेतली. वही मी कपाटात ठेवली. यांनी मागितली नाही. जिलानीभाईंना माझे आभार सांग, आणि काही म्हणू नकोस. त्यांची मेहनत फुकट गेली असं त्यांना वाटू नये.

महादेवी

•

नांदेड,
९ जानेवारी १९८६

माझी महादेवी,

तुझं पत्र मिळालं. इथे थंडी फार आहे. साहेबांना बरं नाही, दुकान बंद आहे. आणखी एक रोल पाठवते. पुन्हा एकदा काढ. मी सांगते म्हणून काढ. आणि भाईसाहेबांना ती गोळी देऊ नकोस गं, झोपेच्या गोळ्या चांगल्या नसतात. रोल मात्र माझ्या नावाने पाठव, दुकानाच्या नावाने नको.

घाईत आहे. मोठं पत्र नंतर.

शकिला

•

लातूर,
२० जानेवारी १९८६

प्रिय शकिला,

तुझा रोल तसाच ठेवला आहे. आता नको. आशा लावून पुन्हा काढून घ्यायची, हे मला जमणार नाही.

तू म्हणालीस म्हणून चार दिवस गोळी बंद केली आणि खाट बाहेर ओढली. पहिल्याच संध्याकाळी यांनी वर बोट केलं आणि माझ्याकडे पाहत विचारलं, "दिसला?" मला वाटलं, या माणसाला आता सुख तरी द्यावं. मी वर मान केली आणि म्हटलं, "हो, दिसला. केवढा छान!"

यांनी वरचं बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "आज… येत… नाही." आणि तोंड भिंतीकडे केलं.

बघ, आता त्यांचं त्यांनाच आठवत नाही. काल होता म्हणायचं, आज नाही म्हणायचं. तेव्हापासून माझ्याकडे पाहतही नाहीत. छातीत कफ साठला आहे. अंगात ताप आहे. कोंडाबाई पाणी भरून झालं की पायांशी बसून त्यांच्याशी बोलत राहते. तिचं मात्र ऐकतात.

जिलानीभाईंना काय झालं? तू लिहिलं नाहीस.

महादेवी

•

नांदेड,
३ फेब्रुवारी १९८६

महादेवी,

हे पत्र मी एक महिन्यापूर्वी लिहायला हवं होतं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

तुझं डिसेंबरचं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही हे तुला माहीतच आहे. "रेघ नाही" इथे आले आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "कौनसी लकीर? वो लकीर?"

ती होती. सहाही निगेटिव्हवर होती. एका कडेपासून अर्ध्या आभाळापर्यंत सरळ काळी रेघ; निगेटिव्हवर उजेड काळाच उमटतो. त्यांना वाटलं पाण्यातला गाळ चिकटला. तुझ्या फोटोवर आपल्या दुकानाचा गाळ, याची त्यांना इतकी लाज वाटली की मलाही सांगितलं नाही. भिंगाखाली धरून, ब्लेडच्या टोकाने, एकाही ताऱ्याला धक्का न लावता त्यांनी ती रेघ खरवडून काढली. आणि मी? मी त्यांना फक्त "ताऱ्यांचे फोटो" म्हटलं होतं. चालणारा तारा म्हटलंच नव्हतं. तुझं घर झाकायला गेले आणि तुझ्याच घरावर घाव घातला.

तेव्हाच कळवलं असतं, पण माझी हिंमत झाली नाही. वाटलं, तू दुसरा रोल काढशील, त्यात रेघ येईल, आणि पहिल्याचं कधी बोलावंच लागणार नाही.

साहेबांनी तेव्हापासून दुकान उघडलं नाही. ब्लेड मोडून टाकलं. जेवायला बसले की म्हणतात, "मैं एक आदमी की सच्ची बात खुरच के फेंक दिया." परवा रोलचं टोक सापडलं. तू सहा मोजलेस, पण शेवटचा फोटो घेतल्यावर लगेच फिल्म पुढे सरकवताना बटण पुन्हा दाबलं जाऊन तसंच राहिलं असावं. सातवा अर्धाच आहे, वाकडा, कोपऱ्यात पिंपाची कड. निकामी म्हणून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. त्यात रेघ आहे. आणि भाईसाहेब म्हणत होते तशीच, मधेच बारीक होत विझलेली. साहेबांनी इथल्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली. ते म्हणाले, यान पृथ्वीच्या सावलीत शिरलं की असंच विझतं. आणि त्याच्या फेऱ्या काही दिवस संध्याकाळी दिसतात, मग कित्येक दिवस दिसतच नाहीत.

महादेवी, "आज येत नाही" हे त्यांना ठाऊक होतं.

फोटो सोबत आहे. आधी त्यांच्या हातात दे, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

शकिला

•

लातूर,
१२ फेब्रुवारी १९८६

प्रिय शकिला,

हे ३० जानेवारीला पहाटे गेले. तुझं पत्र त्यानंतर आठव्या दिवशी आलं.

आमच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. धोंडप्पा फार रडले. मी त्यांना तुझा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. उठून अंगणात गेले आणि जिथे खाट असायची तिथे जमिनीवर बसून राहिले. आता रोज संध्याकाळी येतात आणि वर बघतात. कोंडाबाईला मी विचारलं, "तुला खरंच दिसायचा का गं?" ती म्हणाली, "मंग? म्या काय खोटं बोलले व्हय? तुम्हीच म्हन्ला कोंडाबाई सगळ्याला हाव म्हंती." मी तिच्या समोरच म्हणाले असेन कधीतरी. मला आठवतसुद्धा नाही.

एक गोष्ट एकदाच लिहिते. तू नऊ जानेवारीला हे सगळं लिहिलं असतंस तर यांना वीस दिवस मिळाले असते. लिहून झालं. आता आयुष्यात पुन्हा म्हणणार नाही. कारण तू फक्त एक पत्र लपवलंस. मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा हात हातात घेऊन, त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पाण्याच्या पिंपावर कॅमेरा ठेवून पुरावा मागितला. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी एक पाऊल जास्तीचं मोजलं नव्हतं, आणि त्याला मी म्हटलं, दिसला, केवढा छान. त्यांनी मला परीक्षेला बसवलं होतं, शकिला. शेवटपर्यंत मी ज्या बाजूला बसले, तिच्या उलट्या बाजूला ते मान वळवत राहिले.

तो फोटो मी रोज हातात घेते. मला त्यातली रेघ दिसत नाही. शेजारच्या मुलीने माझं बोट तिच्यावरून फिरवलं, तेवढीच.

जिलानीभाईंना यातलं एक अक्षर सांगू नकोस. हे गेले ही बातमी त्यांना कळेलच, पण तारीख पुढची, फोटो पोचल्यानंतरची सांग. त्यांनी जे केलं ते प्रेमाने आणि कष्टाने केलं. घरात एक माणूस तोंड फिरवून गेला, तेवढं पुरे. सोबत दुसरा कागद ठेवला आहे, तो त्यांना वाचून दाखव. आपल्या दोघींना सिस्टरनी खोटं लिहायला शिकवलं नाही, तेव्हा अडखळले आहे. वाचताना तू अडखळू नकोस.

महादेवी

•

लातूर,
१२ फेब्रुवारी १९८६

जिलानीभाई,

आदाब. तुम्ही पाठवलेला फोटो वेळेवर पोचला. संध्याकाळची वेळ होती, खाट अंगणातच होती. मी तो यांच्या डाव्या हातात दिला. यांनी उजेडाकडे धरला. रेघेवरून अंगठा नेला, सुरुवातीपासून ती विझते तिथपर्यंत, आणि पुन्हा उलटा आणला. मोजणीचे नकाशे असेच तपासायचे. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ, आणि हसले. धोंडप्पांना जवळ बोलावून त्यांच्या हातात दिला.

पहिल्या फोटोंची गोष्ट मी यांना सांगितली. म्हणाले, "हात… चांगला… आहे." तुमच्या हाताबद्दल म्हणाले, भाई. एकही तारा हलू न देता एवढी लांब रेघ काढणं, हे मोजणीवाल्यालाच कळतं.

रात्री जेवले. नीट झोपले.

आता दुकान उघडा. लग्नाचे दिवस आहेत, किती मुलींचे फोटो अडून राहिले असतील. ब्लेड मोडलं असं शकिलाने लिहिलं आहे. नवीन आणा.

तुमची भाभी,
महादेवी